सोळा घरांतील स्वर : टीबी-३०३ बासलाइन सिंथेसायझरची कार्यपद्धती आणि रागसंगीत

सारांश

जपानच्या रोलॅण्ड कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेले टीबी-३०३ हे अनालॉग बासलाइन सिंथेसायझर स्वर आणि काळ यांचे लेखन परस्परांपासून स्वतंत्र करते. पाश्चात्त्य वादकांना ही पद्धत क्लिष्ट वाटली. परंतु हिंदुस्थानी स्वरलिपीशी परिचय असणाऱ्या अभ्यासकाला ती तुलनेने सुगम वाटते. प्रस्तुत लेखात या यंत्राची रचना, नादनिर्मिती आणि स्वरलेखनाची पद्धत यांचे विवेचन केले आहे. तसेच मुंबईचे वादक चरणजित सिंह यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या साहाय्याने केलेल्या रागवादनाच्या आधारे, यंत्राकडे काय सोपवावे आणि वादकाने स्वतःच्या हाती काय ठेवावे, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजशब्द : सिंथेसायझर, स्टेप सीक्वेन्सर, स्वरलिपी, लेहरा, राग, चरणजित सिंह

१. प्रस्तावना

भिवंडी शहरातील धामणकर नाक्याच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला यंत्रमाग नवा नसतो. मागाचा खटखटाट हा या शहराचा पार्श्वनाद आहे. ज्या मागावर डॉबी बसवलेली असते, तेथे खुंट्यांच्या साखळीनुसार कोणत्या फेकीला कोणते उभे धागे उचलले जावेत हे ठरते. जॅकार्डच्या मागावर हेच काम छिद्रे पाडलेले पत्ते करतात. साखळी संपली की पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरू होते आणि कापडावर तीच नक्षी पुन्हा उमटते. नक्षी आधी लिहिली जाते, विणकाम नंतर होते.

संगीतातील स्टेप सीक्वेन्सर या उपकरणाचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. त्यात काळाची समान घरे पाडलेली असतात. प्रत्येक घरात कोणता स्वर वाजावा, वाजावा की नाही, हे आधी नोंदवले जाते आणि यंत्र ती ओळ अखंड फिरवत राहते. मागावर धागा उचलला जातो, येथे स्वर उमटतो. नक्षी लिहिणारा आणि विणणारा या दोन भूमिका वेगळ्या होतात, हे दोहोंतील साम्य महत्त्वाचे आहे. मात्र कापडाची नक्षी आणि रागाचा विस्तार या एकाच जातीच्या गोष्टी आहेत काय, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम यंत्र समजून घेणे आवश्यक आहे.

२. यंत्राची पार्श्वभूमी

टीबी-३०३ ची निर्मिती एका मर्यादित आणि व्यावहारिक हेतूने झाली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी, हा तो हेतू होय. तालासाठी टीआर-६०६ हे जोडयंत्र उपलब्ध होते. टीबी-३०३ ची संकल्पना रोलॅण्डचे अभियंते तादाओ किकुमोतो यांची होती. यंत्र आकाराने लहान, विद्युतघटांवरही चालणारे आणि तुलनेने स्वस्त होते.

व्यापारी दृष्ट्या ते अपयशी ठरले. त्याचा नाद खऱ्या बास गिटारसारखा नव्हता आणि त्यात ओळ लिहिण्याची पद्धत वादकांना जिकिरीची वाटली. सुमारे दहा हजार नग तयार झाल्यानंतर १९८४ मध्ये उत्पादन थांबवण्यात आले. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ही यंत्रे अल्प किमतीत विकली गेली आणि तेथूनच त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्याचा विचार पुढे केला आहे.

३. नादनिर्मितीची प्रक्रिया

या यंत्राचे दोन भाग मनात वेगळे ठेवले पाहिजेत. ओळ लक्षात ठेवणारा भाग अंकीय आहे. जॅकार्डच्या पत्त्याप्रमाणे तो केवळ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच जाणतो. नाद निर्माण करणारा भाग मात्र अनालॉग आहे. त्यात विद्युतदाब सलग वाढतो अथवा घटतो आणि त्या चढउतारानुसार नादाचे रूप पालटते.

नादाचा उगम एकाच ऑसिलेटरमध्ये होतो. त्यामुळे एका वेळी एकच स्वर वाजू शकतो. करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी, अशा दोन तरंगरूपांपैकी एकाची निवड करता येते. दोन्ही तरंग मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर घेऊन येतात. हा समृद्ध, किंबहुना कर्कश नाद पुढे फिल्टरमध्ये जातो आणि तेथे त्याला आकार मिळतो.

फिल्टरचे कार्य समजण्यासाठी कंठसंगीताचे उदाहरण उपयुक्त ठरते. गायक एकच षड्ज 'ऊ'काराने आणि नंतर 'आ'काराने लावतो, तेव्हा स्वराची उंची बदलत नाही. मुखाच्या आकारामुळे कोणते उपस्वर बाहेर पडतात एवढेच बदलते. यंत्रातील फिल्टर हे मुखाचे काम करतो. त्याचे नियंत्रण वरच्या ओळीतील नॉबद्वारे होते. या ओळीत एकूण सहा नॉब आहेत.

पहिला नॉब ट्यूनिंगचा. त्याने षड्ज हवा तसा मिळवता येतो. दुसरा कटऑफचा, त्याने मुख किती उघडावे हे ठरते. तो डावीकडे असता नाद बंद व घुमट येतो, उजवीकडे नेला की उजळतो. तिसरा रेझोनन्सचा, कटऑफच्या जागेजवळील उपस्वरांना तो उठाव देतो आणि वाढवत नेल्यास शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज उमटतो. चौथा एन्व्हलप मॉड्युलेशनचा; प्रत्येक स्वराच्या आरंभी फिल्टर किती उघडावा हे तो सांगतो. पाचवा डिकेचा, उघडलेला फिल्टर किती वेळात मिटावा हे त्यावर अवलंबून असते. सहावा अ‍ॅक्सेंटचा, निवडक स्वरांवरील आघात किती तीव्र असावा हे तो ठरवतो. आघाताने स्वर केवळ मोठा होत नाही, त्याचा पोतही अधिक तीक्ष्ण होतो.

नवशिक्या अभ्यासकाने एकच ओळ चालू ठेवून एका वेळी एकच नॉब फिरवावा. सर्व नॉब एकदम फिरवल्यास कोणत्या कारणाने कोणता परिणाम झाला हे कानाला उमगत नाही.

४. स्वर आणि काळ यांचे स्वतंत्र लेखन

टीबी-३०३ चे खरे वैशिष्ट्य त्याच्या सीक्वेन्सरमध्ये आहे. एका ओळीत जास्तीत जास्त सोळा घरे असतात आणि अशा चौसष्ट ओळी यंत्रात साठवता येतात. ओळ दोन टप्प्यांत लिहिली जाते.

पहिल्या टप्प्यात केवळ स्वर लिहिले जातात. एका सप्तकाच्या तेरा कळा उपलब्ध असतात. त्या क्रमाने दाबत जायचे. कोणता स्वर किती वेळ वाजणार याचा विचार या टप्प्यात करायचाच नाही. स्वर खालच्या किंवा वरच्या सप्तकात न्यायचा असल्यास, त्यावर आघात हवा असल्यास किंवा पुढील स्वराकडे घसरत जायचे असल्यास, तशी खूण त्या स्वरासोबत नोंदवली जाते.

दुसऱ्या टप्प्यात केवळ काळ लिहिला जातो. प्रत्येक घरासाठी तीनच पर्याय असतात : नवा स्वर, आधीच्या स्वराचा विस्तार किंवा विराम. वादनाच्या वेळी 'नवा स्वर' असे घर आले की यंत्र पहिल्या यादीतील पुढचा स्वर उचलते. विस्तार आणि विराम यांच्या घरांत यादी पुढे सरकत नाही.

ज्याने पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीने लिहिलेली बंदिश वाचली आहे, त्याला यातील बहुतेक खुणा ओळखीच्या वाटतील. मंद्र सप्तकाचा स्वर खाली बिंदू देऊन आणि तार सप्तकाचा वर बिंदू देऊन दाखवला जातो. स्वर लांबवायचा असल्यास पुढे आडवी रेघ येते. मींड दाखवण्यासाठी स्वरांवर कमान काढली जाते. यंत्रातील सप्तकबदल, विस्तार आणि घसरण या नोंदी याच गरजांतून आल्या आहेत. या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. परंतु स्वर लिहून ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक पद्धतीला त्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, हे या साम्यावरून स्पष्ट होते. शिवाय आधी सरगम पाठ करावी आणि मग ती तालात बसवावी, ही आपल्याकडील शिकवण्याची रीत या दोन टप्प्यांशी जुळणारी आहे.

५. एक उदाहरण : भूप

भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर आहेत. षड्ज हा कळपट्टीवरील पहिल्या कळेवर मानला, तर पुढील ओळ लिहिता येते. येथे आडवी रेघ म्हणजे विस्तार, 'वि' म्हणजे विराम आणि खाली बिंदू असलेला धैवत मंद्र सप्तकातील होय.

सा – वि सा | रे वि ग – | प वि ग रे | सा ध़ – वि

पहिल्या टप्प्यात नऊ स्वर क्रमाने लिहावे लागतील : सा, सा, रे, ग, प, ग, रे, सा, ध़. शेवटच्या धैवताला खालच्या सप्तकाची खूण द्यावी लागेल. दुसऱ्या टप्प्यात सोळा नोंदी होतील. त्यांत नऊ स्वर, तीन विस्तार आणि चार विराम असतील.

समजा, दुसऱ्या टप्प्यात तिसऱ्या घरात विरामाऐवजी चुकून 'नवा स्वर' नोंदवला गेला. मग यादीतील दुसरा षड्ज तिसऱ्याच घरात वाजेल, चौथ्या घरात ऋषभ येईल, पाचव्यात गांधार येईल आणि पुढील प्रत्येक स्वर आपल्या जागेवरून सरकेल. लय मात्र तशीच चालू राहील. एका चुकीने संपूर्ण ओळ अनोळखी होते. अनेक वादकांनी या यंत्रास अवघड ठरवले, त्यामागील हे प्रमुख कारण होय. याच स्वभावामुळे अनपेक्षित ओळी जन्माला आल्या आणि काहींना त्या लिहिलेल्या ओळींपेक्षा अधिक आवडल्या, हेही नमूद केले पाहिजे.

व्यवहारात दोन दक्षता आवश्यक ठरतात. ओळ प्रथम कागदावर घरे आखून लिहावी आणि 'नवा स्वर' असलेल्या घरांची संख्या स्वरांच्या यादीशी जुळते की नाही ते मोजून पाहावे. दुसरे असे की, मूळ यंत्राची स्मृती विद्युतघटांवर टिकते. घट संपले की ओळी पुसल्या जातात. कागदावरील प्रत हीच खरी प्रत होय.

६. जे घरांत मावत नाही

वरील पाच स्वर देसकार रागाचेही आहेत. भूपात गांधार वादी व धैवत संवादी, तर देसकारात धैवत वादी व गांधार संवादी मानला जातो. भूप पूर्वांगात खुलतो, देसकार उत्तरांगात. यंत्राला पाच कळा सांगितल्या, तर तो भूप की देसकार हे त्याला कळत नाही. वरील ओळीत सातव्या घरातील गांधाराला विस्तार दिला आहे आणि अखेरीस मंद्र धैवतावर ठहराव ठेवला आहे, म्हणून ती भूपाकडे झुकते. हा निर्णय ओळ लिहिणाऱ्याचा आहे, यंत्राचा नाही. राग म्हणजे कळांचा संच नसून स्वरांच्या चलनाची शिस्त आहे, ही गोष्ट हे यंत्र आपल्या मर्यादेतून उत्तम शिकवते.

दुसरी मर्यादा मींडेची आहे. यंत्रातील घसरण एका स्वरावरून दुसऱ्यावर ठरावीक, अत्यल्प अवधीत पोहोचते. तोडीचा अतिकोमल गांधार ज्या सावकाशीने आणि आंदोलनाने लावला जातो, ती सावकाशी घसरणीत नाही. सप्तकाची बारा समान भागांत केलेली विभागणी श्रुतींचा सूक्ष्म भेद दाखवू शकत नाही.

तिसरी मर्यादा तालाची आहे. सोळा घरे दिसताच त्रितालाच्या सोळा मात्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना जपून करावी. डिस्को ठेक्यात सोळा घरे म्हणजे चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. आपल्या परिभाषेत ती चार मात्रांची चौगुण होय. शिवाय त्रितालात नवव्या मात्रेवर खाली असते. डिस्कोचे चारही ठोके सारख्याच वजनाचे असतात. त्यात खाली नाही. ओळ सोळाहून कमी घरांची ठेवता येत असल्याने सात किंवा दहा घरांचे आवर्तन रचता येते, पण ताली-खालीचे वजन आघातांच्या योजनेनेच सुचवावे लागते.

७. चरणजित सिंह यांचा प्रयोग

या मर्यादा ओळखून यंत्राचा उपयोग कसा करावा, याचे उदाहरण भिवंडीपासून जवळच, मुंबईत घडले. चरणजित सिंह हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील अनुभवी वादक होते. राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार व विद्युत वाद्ये वाजवली, तसेच विवाहसमारंभांतही त्यांचा वाद्यवृंद कार्यक्रम करीत असे. नवी विद्युत वाद्ये लवकर मिळवून ती आत्मसात करणे, हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग होता.

१९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. त्या काळात हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. तबल्याऐवजी डिस्को ठेका ठेवून राग वाजवावेत, अशी त्यांची कल्पना होती. ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी अशा रागांचा त्यात समावेश आहे. वाद्ये तीन : तालासाठी टीआर-८०८, खर्जाच्या ओळीसाठी टीबी-३०३ आणि रागाच्या स्वरांसाठी ज्युपिटर-८ हे कळपट्टीचे सिंथेसायझर. तिन्ही रोलॅण्डचीच होती.

या वाटणीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. सिंह यांनी राग टीबी-३०३ कडे सोपवला नाही. त्या यंत्राने रागातील निवडक स्वरांची छोटी ओळ अखंड फिरवत ठेवली. रागाची बढत, आलापसदृश आरंभ, तानेसारखी द्रुत स्वरावली, हे सर्व हाताने, ज्युपिटर-८ वर वाजवले गेले. आपल्या संगीतात या व्यवस्थेला जुने नाव आहे. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा संवादिनी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवते; तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. लेहरा धरणाऱ्याने विस्तार करायचा नसतो, आवर्तन धरून ठेवायचे असते. येथे टीबी-३०३ ने लेहरा धरला. एवढाच फरक की लेहऱ्याच्या आधाराने तबल्याऐवजी राग उलगडत गेला.

सुरांची सावकाशी आणि श्रुतींचा भेद ज्युपिटर-८ वरही पूर्णपणे साधत नाही, हे मान्य केले पाहिजे. तोडी ऐकताना ही उणीव जाणवते, तर कलावती किंवा मालकंस यांसारखे पाच स्वरांचे राग या साच्यात अधिक सहज बसतात.

८. 'पहिला कोण' हा वाद

ध्वनिमुद्रिकेला तेव्हा फारसा प्रतिसाद मिळाला नाही आणि ती विस्मृतीत गेली. दरम्यान अमेरिकेतील शिकागो शहरात काही तरुणांनी जुने टीबी-३०३ मिळवले. ओळ चालू असतानाच ते कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब फिरवत राहिले. फ्यूचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना १९८७ मध्ये प्रकाशित झाली आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला.

एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात सिंह यांची तबकडी मिळाली. त्यांनी सिंह यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेमार्फत तिचे पुनर्प्रकाशन केले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत अ‍ॅसिड हाउस निर्माण झाले, असा गाजावाजा तेव्हा झाला. पुढे सिंह यांनी युरोपातील रंगमंचांवरही हे राग वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

नादसाम्य निर्विवाद आहे. मात्र त्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. शिकागोच्या वादकांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकल्याचा पुरावा नाही आणि सिंह यांचा हेतूही वेगळा होता. एकाच कारखान्यातील दोन यंत्रे दोन शहरांत गेली आणि त्यांच्या समान रचनेमुळे समान नाद उमटला, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरते. शिकागोत नादाचा पोत हाच विषय बनला; ओळ निमित्तमात्र राहिली. मुंबईत ओळ आधार बनली आणि विषय राग राहिला. केवळ 'पहिला' हे बिरुद लावल्याने सिंह यांचा गौरव होतो असे वाटते, परंतु त्यांनी प्रत्यक्षात केलेले काम त्याआड झाकले जाते. एका रागप्रयोगाचे मोल पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या कालक्रमावरून ठरवणे, हे त्या प्रयोगावर अन्याय करणारे आहे. भारतातील ध्वनिमुद्रणाचा असा ठेवा संग्राहकाच्या नजरेस योगायोगाने पडेपर्यंत दुर्लक्षित राहतो, ही बाब खरे तर अधिक चिंतनीय आहे.

९. निष्कर्ष

मूळ टीबी-३०३ आज दुर्मीळ व महाग आहे. तथापि रोलॅण्डने २०१६ मध्ये टीबी-०३ ही अंकीय आवृत्ती आणली आणि २०१९ मध्ये बेरिंजर कंपनीचे टीडी-३ हे अनालॉग अनुकरण उपलब्ध झाले. त्यामुळे अभ्यासकाला हे तंत्र हाताळणे शक्य झाले आहे.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. टीबी-३०३ मधील स्वर व काळ यांचे स्वतंत्र लेखन हिंदुस्थानी स्वरलिपी जाणणाऱ्यास परके नाही. या लेखनात रागाचे चलन, मींड आणि श्रुती मावत नाहीत. म्हणून यंत्राला लेहऱ्याची भूमिका देऊन राग वादकाने आपल्या हाती ठेवणे श्रेयस्कर ठरते. चरणजित सिंह यांनी १९८२ मध्ये हेच केले. संगीताच्या अध्यापनात भूप व देसकार यांसारख्या समस्वरी रागांच्या दोन ओळी यंत्रावर लिहून घेतल्यास, राग कोठे संपतो आणि केवळ स्वरसंच कोठे उरतो, हे विद्यार्थ्याला कानाने पडताळता येईल. मागावरील पत्ता नक्षी बिनचूक पुन्हा उमटवतो; परंतु कोणती नक्षी काढावी, हे पत्ता पाडणाऱ्यालाच ठरवावे लागते.